गुलाबाच्या पानावरचे गोल कोण कापतं?

गणपती झाले, पाऊस जरा उघडला की आमच्या बेळगावात टिळकवाडी असो नाहीतर अनगोळ-वडगाव, बाग असलेल्या घरात एक तक्रार हमखास ऐकू येते. गुलाबाच्या पानांच्या कडा कोणीतरी कापून नेल्यात, आणि त्या पण कशा, एकदम स्वच्छ गोल. मग शेजारच्या काकू सांगतात औषध मारा, नर्सरीवाला एक बाटली देतो आणि संध्याकाळी फवारणी होते. माझं म्हणणं एवढंच आहे की बाटली उघडायच्या आधी ते पान कोणी खाल्लं ते बघा, कारण गुलाबाचं हे पान मुळात कोणी खाल्लेलंच नाही.

ते पानकापी मधमाशीनं नेलंय. शास्त्रीय नाव मेगाकाइल. हिचं पोळं नसतं, राणी-कामकरी असलं काही नसतं, एकटी मादी सगळं करते. पानाच्या कडेवर बसायचं, जबड्यानं काही सेकंदात तुकडा कापायचा, पोटाखाली धरायचा आणि उडायचं, ते थेट एखाद्या पोकळ काडीत, बांबूत नाहीतर भिंतीतल्या जुन्या स्क्रूच्या भोकात. तिथं लांबट तुकडे एकावर एक बसवून ती पानांचा एक छोटा द्रोण तयार करते, त्यात पराग आणि मध कालवून ठेवते, वर एकच अंडं घालते आणि गोल तुकड्यांचं झाकण लावते. म्हणजे लांबट तुकडे भिंतीला आणि गोल तुकडे झाकणाला, हे तिचं ठरलेलं आहे! मग त्याच्यापुढे दुसरा द्रोण, मग तिसरा. आतली अळी तो साठा खाऊन मोठी होते आणि माशी होऊन बाहेर पडते. ही पराग पायावर नाही तर पोटाखालच्या केसांत नेते, त्यामुळे फुलावर बसलेली दिसली तर पोट पिवळंधमक असतं, आणि आपल्याकडच्या तुरीच्या परागीभवनात या माश्यांचा वाटा मोठा आहे. पान गेल्यानं गुलाबाला फरक पडत नाही. उलट एका बाजूनं बंद असलेले बांबूचे बारीक तुकडे पावसाच्या पाण्यापासून लांब बांधून ठेवले तर ती त्यात राहायला येते.

आता खरंच पान खाणाऱ्यांकडे येऊ. परसात कढीपत्ता आणि लिंबू नाही असं आपल्याकडे घर कमीच, आणि दोन्हीवर अळ्या येतातच. लहानपणी ही अळी पांढऱ्या-तपकिरी रंगाची असते, बघताना पक्ष्याची शीट पडली आहे असंच वाटतं, त्यामुळे पक्षी तिच्याकडे बघत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार. काडीनं जरा डिवचा, डोक्यामागून लालसर-नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो, मुंग्या वगैरे लांब पळतात. हात लावला तरी आपल्याला काही होत नाही, मुलांना जरूर दाखवा.

कढीपत्त्यावरच्या अळीतून बऱ्याचदा निघतं ते कॉमन मॉर्मन फुलपाखरू, आणि त्याची गोष्ट मला फार म्हणजे फार आवडते. नर काळा, पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. मादी मात्र तीन रूपांत येते. एक नरासारखीच, दुसरी कॉमन रोझसारखी आणि तिसरी क्रिमझन रोझसारखी. ही रोझ फुलपाखरं अळी असताना ईश्वरीच्या विषारी वेलीवर वाढतात म्हणून पक्षी त्यांना टाळतात, आणि त्या भीतीचा फायदा आपल्या कढीपत्त्यावर वाढलेल्या, अजिबात विष नसलेल्या मादीला मिळतो. हे सगळं रूप बदलायचं काम कोण करतं? बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की यामागे डबलसेक्स नावाचा एकच जनुक आहे, तोच जनुक जो कीटकांमध्ये नर-मादीचा फरक घडवतो. इतकं मोठं विज्ञान आमटीत टाकायच्या कढीपत्त्यावर बसलेलं असतं आणि आपण त्याच्यावर औषध मारतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लिंबाच्या झाडावर कधी कधी ब्लू मॉर्मनची अळी पण मिळते, म्हणजे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, २०१५ ला जाहीर झालेलं. कर्नाटकचं राज्य फुलपाखरू सदर्न बर्डविंग, काळं-पिवळं आणि तळहातापेक्षा रुंद. दोन्ही सह्याद्रीतली, त्यामुळे खानापूर-जांबोटी बाजूला ज्यांची घरं आहेत ते नशीबवान.

तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसली, डोक्यापाशी दोन निळे डोळे आणि शेपटीला काटा, तर घाबरू नका. ते डोळे खोटे आहेत. ही हॉक मॉथ पतंगाची अळी, पुढं ती खाली पालापाचोळ्यात कोष करते, म्हणून तगरीखाली रोज झाडून लख्ख करायची गरज नाही.

आणि हॉक मॉथ हवेतच की! गेटवरची मधुमालती बघा, एकाच घोसात पांढरी, गुलाबी, लाल फुलं. संध्याकाळी उमलताना फूल पांढरं आणि सुवासिक असतं, अंधारात लांब सोंडेच्या पतंगांना सापडावं म्हणून, आणि पुढच्या दोन दिवसांत ते गुलाबी मग लाल होतं, तेव्हा दिवसाचे पाहुणे येतात. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना मात्र चांगला दिसतो, म्हणून लाल जास्वंदीवर सकाळी शिंजीर, म्हणजे मध पिणारा छोटा पक्षी, हजर. पूजेला फुलं तोडताना चार झाडावर राहू द्या, जास्वंदीचं फूल टिकतं एक दिवस, त्या दिवसाचा मध शिंजिराच्या उपयोगी येतो. कधी शिंजीर देठाजवळ भोक पाडून चोरून मध पिते, परागाला हात न लावता.

पण मधावर शिंजिराची पिल्लं वाढत नाहीत. पिल्लांना प्रोटीन लागतं, म्हणजे कोळी, अळ्या, बारीक किडे. घरटं पण कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेलं. शिंपी, बुलबुल यांचंही तेच, पिल्लांसाठी किडे शोधत फिरतात. पानाला एकही भोक नको आणि जास्वंदीवर शिंजीर मात्र हवी, हे एकत्र जमत नाही.

सगळंच सहन करा असं मी म्हणत नाही. जास्वंदीवर पांढरी कापसासारखी पिठ्या कीड चढली तर झाड खरंच वाळतं, ती पाण्याच्या जोराच्या धारेनं धुवून काढा, फांदी फारच भरली असेल तर कापून टाका. फक्त आधी नीट बघा, त्या पांढऱ्यात एखादी मोठी, झुपकेदार आणि भराभर चालणारी दिसली तर ती पिठ्या नाही, पिठ्या खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी आहे, दिसायला अगदी तशीच. ती सापडली तर त्या फांदीला पाईप लावू नका, आठवडाभर तिला खाऊ द्या.