उपसा सिंचन, कोल्हापूर जिल्हा

नदीपात्रात अडवलेले पाणी पंपाने उचलून काठावरच्या व माळावरच्या शेतीला देण्याची पद्धत. पंचगंगा, वारणा, दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील ऊसशेती मुख्यतः हिच्यावर उभी आहे. कालव्याचे पाणी उताराने येते. येथे ते चढवावे लागते. त्यामुळे शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने पाण्याची किंमत म्हणजे बहुतांशी ते चढवण्याचा खर्च.

या पद्धतीचा पाया म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नदीत आडव्या रांगेत दगडी किंवा काँक्रीटचे खांब उभारून त्यांच्या खाचांत फळ्यांच्या दोन रांगा बसवतात व मधल्या पोकळीत माती ठासतात. या फळ्यांना ‘बरगे’ म्हणतात. पुढे लाकडाऐवजी लोखंडी बरगेही आले. पावसाळा सरल्यावर बरगे घालतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर काढतात. त्यामुळे पुराचे पाणी व गाळ मोकळा वाहून जातो आणि साठा पात्रातच राहिल्याने काठची जमीन बुडत नाही.

बंधाऱ्याचे श्रेय लोकमानसात राजर्षी शाहू महाराजांना दिले जाते. मात्र कसबा बावड्याजवळच्या प्रसिद्ध बंधाऱ्याला नाव आहे ते राजाराम महाराजांचे, आणि त्यांची कारकीर्द 1922 मध्ये शाहूंच्या निधनानंतर सुरू झाली. या बंधाऱ्यांना पाणी पुरवणाऱ्या राधानगरी धरणाच्या आरंभाचे वर्षही 1907, 1908 किंवा 1909 असे वेगवेगळे दिले जाते. धरणाचा संकल्प, राधानगरी गावाची वसाहत आणि प्रत्यक्ष बांधकाम यांपैकी कशाला आरंभ मानायचे, यावर ते ठरते. धरण पुरे झाले ते संस्थान 1949 मध्ये विलीन झाल्यानंतर, 1950 च्या दशकात. या क्रमाकडे पाहता, 1896-97 च्या दुष्काळानंतर पाणी साठवण्याचे धोरण शाहूंनी आखले आणि बंधाऱ्यांची मालिका त्यांच्यामागून वाढली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. धरण आणि बंधारे ही एकच व्यवस्था आहे, हे मात्र निर्विवाद. राधानगरी (सुमारे 8.4 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट), तुळशी (सुमारे 3.5 टीएमसी) व काळम्मावाडी (सुमारे 25 टीएमसी) यांतून सोडलेले पाणी खालचे बंधारे टप्प्याटप्प्याने धरून ठेवतात.

या रचनेत सरकारचा कालव्यांचा खर्च वाचला, आणि मोटर, जलवाहिनी व विजेचा भार शेतकऱ्यावर आला. मोटेनंतर तेलाची इंजिने आली, तेव्हा ज्याच्याकडे इंजिन त्याच्याकडे पाणी, अशी स्थिती होती. पाण्याच्या बदल्यात पिकाचा ठरीव वाटा द्यावा लागे. सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी हा वाटा मोडून पाणीपट्टी रोखीत आणली. लहान खातेदाराच्या दृष्टीने हा बदल धरण बांधण्याइतकाच मोलाचा होता.

सभासदाला पाटबंधारे विभागाची आकारणी आणि संस्थेची पट्टी असे दोन्ही भरावे लागते. संस्थेच्या पट्टीत विजेचा वाटा मोठा असल्याने नदीपासून शेत जितके उंच, तितके पाणी महाग. पट्टी सामान्यतः पीक व एकरावर ठरते, मापावर नाही. म्हणून पाणी वाचवणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. ठिबकचा खर्च मात्र त्याचाच. या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष हाच म्हणावा लागेल.

पाण्याची पाळी पाटकरी, म्हणजे संस्थेचा पाणी वाटणारा माणूस, ठरवतो. वीज रात्री असेल तर रात्री पाणी पाजावे लागते. घरात त्यासाठी माणूस नसेल, तर मजुरी पट्टीइतकीच जड जाते. उन्हाळ्यात साठा घटला की उपसाबंदी लागते आणि पाळी लांबते. आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, सुमारे दीड वर्षाच्या) उसापेक्षा खोडव्याला (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाला) व माळावरच्या हलक्या जमिनीला तिचा फटका आधी बसतो.

ऊसबिल हाती येण्यापूर्वी त्यातून विकास संस्थेचे (गावच्या सहकारी पतसंस्थेचे) पीककर्ज व पाणीपट्टी कापली जाते. कायद्याने बिल 14 दिवसांत द्यायचे असले, तरी हप्ते रखडले की घरखर्चाची ओढाताण होते. मधल्या काळाला आधार असतो तो दुधाचा: उसाचे वाडे (हिरवे शेंडे) जनावरांना, दुधाचे बिल चुलीला. जिल्हा दूध संघाची (गोकुळ) स्थापना 1963 ची. गोठ्याचे काम बहुतांशी बायकांच्या अंगावर असते. सातबाऱ्यावर आणि संस्थेच्या सभासद यादीत त्यांचे नाव क्वचितच दिसते.

शिरोळ तालुक्यात अतिपाण्याने व निचऱ्याअभावी बरीच जमीन क्षारपड (क्षार साचून नापीक) झाली आहे. भूमिगत निचरा नळ्या घालून ती सुधारता येते; पण पाणी काढून टाकायचा मार्ग शेजाऱ्याच्या शेतातून जात असल्याने हे काम एकट्या खातेदाराला झेपत नाही.