पारदर्शक अलाइनर आणि ऑनलाइन शोध : कोकण किनारा

वेडेवाकडे, पुढे आलेले किंवा फटी राहिलेले दात तारांऐवजी काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांनी सरळ करतात; या साच्यांना अलाइनर म्हणतात. लोक त्यांविषयी इंटरनेटवर काय शोधतात, यावरून लोकांच्या कुतूहलाचा अंदाज बांधला जातो.

साच्यांनी दात टप्प्याटप्प्याने सरकवण्याची कल्पना अमेरिकी दंतवैद्य केसलिंग यांनी १९४५ मध्ये मांडली होती. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजीने तिला संगणकाची जोड दिली. प्रत्येक साचा दात साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. तो दिवसातून २० ते २२ तास घालावा लागतो व एक-दोन आठवड्यांनी बदलतात. जेवताना मात्र तो काढून डबीत ठेवायचा असतो, कारण गरम चहाने प्लास्टिक वाकडे होऊ शकते आणि सोलकढीतल्या आमसुलाचा रंग त्यावर चढला, तर ‘न दिसणारा’ साचा चांगलाच दिसू लागतो.

गूगलवर एखादा शब्द किती शोधला जातो हे दाखवणाऱ्या ‘गूगल ट्रेंड्स’ या सेवेत २००४ पासूनचा कल पाहता येतो. पण तिथले ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या सांगत नाहीत. निवडलेल्या काळातील व प्रदेशातील एकूण शोधांत त्या शब्दाच्या सर्वोच्च प्रमाणाला १०० धरून बाकीचे त्याच्या तुलनेत मांडलेले असतात आणि फार थोडे शोध असले तर शून्य दिसते. त्यामुळे देवगड किंवा गुहागरसारख्या गावापुढे शून्य दिसले, म्हणून तिथे कोणालाच रस नाही असे म्हणणे घाईचे ठरेल. शिवाय शोध जिथून केला त्या ठिकाणच्या खाती जमा होतो. गणपतीला चिपळूणला आलेल्या चाकरमान्याचा प्रश्न तेवढ्यापुरता चिपळूणचा, एरवी मुंबईचा.

शोध वाढले म्हणजे पसंती वाढली, असेही नाही. घरपोच अलाइनर पुरवणारी अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लब डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा तिचे नाव शोधणाऱ्यांत उपचार अर्ध्यावर राहिलेले ग्राहकही असणारच.

कोकणापुरती खरी अडचण शब्दांची आहे. ‘अलाइनर’ हा दवाखान्यातला शब्द; घरात ‘दाताला तार’ किंवा ‘क्लिप’ म्हणतात आणि ‘तारेशिवाय दात सरळ होतात का?’ असे विचारणाऱ्याला हवे असते अलाइनरच. त्यातही कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन लिपीत मराठी लिहितो, तर कोणी फोनला तोंडीच विचारतो. एकच शब्द घेऊन काढलेल्या आलेखात यांपैकी बरेच जण येत नाहीत.