योगवर्गाला कोण येतं?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याने सकाळी साडेसहाला योगवर्ग ठेवला, तर पहिल्या रांगेत कोण बसणार हे आधीच सांगता येतं. ज्याचे आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात जोर काढायचे आणि जो स्वतः रोज कमाटीबागेत फेऱ्या मारतो, तो. शुगर वाढलेला ऑपरेटर रात्रपाळी उरकून त्या वेळी बसमध्ये पेंगत असतो.

कामगारांच्या तब्येतीसाठी कंपन्या राबवतात त्या वेलनेस कार्यक्रमांच्या हिशेबातली मेख हीच. भाग घेणाऱ्यांचा दवाखान्याचा खर्च कमी भरला की टाळ्या पडतात. पण तो आधीपासूनच कमी होता का, हे कुणी बघत नाही. अर्थतज्ज्ञ कॅथरिन बेकर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून सांगितलं, की कार्यक्रमावरच्या एका डॉलरमागे उपचारांचे सव्वातीन डॉलर वाचतात. कंपन्यांना आणखी काय हवं होतं! पुढे बेकर यांनीच एका अमेरिकन दुकानसाखळीत चिठ्ठ्या टाकाव्यात तशा काही शाखा निवडून तिथे कार्यक्रम राबवला, बाकीच्या तशाच ठेवल्या. मिळून १६० शाखा, सुमारे ३३ हजार कर्मचारी. २०१९ मध्ये दीड वर्षाचा निकाल छापून आला. कार्यक्रम मिळालेले लोक ‘आम्ही नियमित व्यायाम करतो’ असं जास्त प्रमाणात सांगत होते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रजा आणि खर्च यांत मात्र दखल घ्यावी असा फरक नव्हता.

हा पेच जुनाच आहे. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. मग १९५६ मध्ये त्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या, तर ड्रायव्हरांच्या पँटचा कमरेचा घेर भरतीच्या वेळीच मोठा! सगळं श्रेय जिन्याला देता येईना. तरी मला त्यातला जिना महत्त्वाचा वाटतो, कारण कंडक्टरला तो कुणी भाषण देऊन चढायला लावला नव्हता. ते त्याचं कामच होतं.

म्हणून आधी कामाकडे बघावं. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०२१ चा अंदाज आहे. ओव्हरटाइमवर चालणाऱ्या खात्यात प्राणायाम शिकवून हे कसं भरून निघेल? पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकत गेल्या तर शरीराला झेपतात; आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे झोप मागे ओढण्यापेक्षा पुढे ढकलणं सोपं जातं. त्यासाठी फक्त तक्ता नव्याने मांडायचा असतो.

तपासणी शिबिरांचं दुखणं निराळं. रिपोर्ट एचआरच्या टेबलावर जाणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी ज्याला गरज आहे तोच गैरहजर राहतो. कंत्राटी कामगाराचं नाव तर बहुतेकदा यादीतच नसतं, आणि भट्टीजवळ तोच उभा असतो.