दुसरी बॅटरी भरणार कधी?

शुक्रवारी रात्री ठाण्याहून थार किंवा गुरखासारखी दणकट गाडी काढून माळशेजकडे निघणाऱ्यांना गाडीत दुसरी बॅटरी हवी असते. रात्रभर फ्रिज आणि दिवे चालावेत, सकाळी सेल्फ मारताच गाडी सुरू व्हावी. दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती एएचची देऊ?’ एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप. माझ्या मते त्याआधी विचारायला हवे की ती भरणार कधी आणि किती वेळात.

सेल्फ मारताना काही सेकंद शेकडो अँपिअर लागतात. म्हणून गाडीच्या मूळ बॅटरीत शिशाच्या पातळ आणि पुष्कळ प्लेटी असतात. पृष्ठभाग मोठा, त्यामुळे प्रवाह एकदम मिळतो. पण हीच बॅटरी वारंवार पार उतरवली, तर प्लेटींवरचा लेप सुटतो आणि ती लवकर बसते. वारंवार खोलवर उतरवण्यासाठीच बनवलेल्या डीप सायकल बॅटरीच्या प्लेटी जाड असतात, त्या हे सोसतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरीही डीप सायकलच, पण तिच्यात ॲसिड मोकळे असते. दगडधोंड्यांच्या वाटेवर ते सांडणार आणि चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन बंद गाडीत कोंडणार. ती गाडीत नकोच. एजीएम बॅटरीत ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते, म्हणून ती निदान सांडत नाही.

आता हिशेब. छोट्या फ्रिजचा कॉम्प्रेसर साधारण ४ अँपिअर घेतो. उन्हाळ्यात तो निम्मा वेळ चालला, तरी चोवीस तासांत ४८ एएच गेले. शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणजे १०० एएचची हवी. इथवर बहुतेक जण येतात आणि थांबतात.

खरी अडचण परतीच्या वाटेवर आहे. शिशाची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी वेगाने भरते. पुढे तिला मिळणारा प्रवाह घटत जातो आणि शेवटच्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. माळशेजहून ठाण्याची वाट तेवढी लांब नाही. कोंडीत गाडी नुसती आयडलिंगवर असेल, तर अल्टरनेटरही, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे जनित्रही, पूर्ण ताकदीने वीज देत नाही. मग अर्धवट भरलेली बॅटरी आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडून राहते. बॅटरी उतरताना प्लेटींवर जमलेल्या आणि पूर्ण न भरल्याने तिथेच उरलेल्या लेड सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात, पुन्हा विरघळत नाहीत. तेवढी क्षमता कायमची गेली.

म्हणून शनिवार-रविवारच्या प्रवाशाला मी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी सुचवेन. बॅटरी-संशोधक जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधील गटाने १९९७ मध्ये हे रसायन इलेक्ट्रोडसाठी पुढे आणले. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते अक्षय पाढी. या बॅटरीला अर्धवट भरलेले राहणे मानवते आणि ती जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण प्रवाह घेते. ३० अँपिअरच्या चार्जरने तीन तासांत सुमारे ९० एएच परत येतात. शिवाय १०० एएचला वजन शिशाच्या निम्म्याहून कमी. किंमत जास्त आहे, हे खरे. पण दर दोन-तीन वर्षांनी एजीएम बदलण्यापेक्षा मला ती पटते.

ती बॉनेटखाली मात्र बसवू नका. अनेक उत्पादक ४५ अंशांपुढे चार्जिंग नको म्हणतात आणि एप्रिल-मेमध्ये इंजिनाशेजारी तापमान त्याहून कितीतरी वर जाते. जागा मागे, सीटच्या पलीकडे. मूळ बॅटरीला थेट जोडणेही टाळा. बऱ्याच बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज मध्येच उतरवतो, त्यामुळे व्होल्टेज पाहून दोन बॅटरी जोडणारा-तोडणारा साधा रिले गोंधळतो. अशा गाडीत डीसी-डीसी चार्जरच हवा; येणारे व्होल्टेज कमी-जास्त झाले, तरी तो दुसऱ्या बॅटरीला हवे तेवढेच देतो.

मूळ बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंतच्या तारेत कंजुषी नको. मागे-पुढे मिळून १० मीटर लांबीची ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ३० अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट खाते, १६ चौरस मिलिमीटरची साधारण ०.३. या तारेला दोन्ही बॅटरींच्या धन टोकाशी, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज लावून घ्या. पत्र्याला घासून तार उघडी पडली, तर आग लागण्याआधी तोच वितळतो.