किकऑफचा नियम: पाच-पाच यार्डांची पन्नास वर्षं

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये नियम बदलायचा तर 32 संघमालकांपैकी किमान 24 जणांची मतं लागतात. स्पर्धा समिती प्रस्ताव तयार करते आणि तो बहुधा मार्चच्या वार्षिक बैठकीत मतदानाला येतो. किकऑफ म्हणजे सत्र सुरू करताना किंवा गुण मिळवल्यावर चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे धाडणं; त्याच्याइतके या बैठकीचे फेरे क्वचितच दुसऱ्या एखाद्या नियमाने केले असतील.

1974पर्यंत किकऑफ स्वतःच्या गोललाइनपासून 40 यार्डांवरच्या रेषेवरून मारला जाई. किकर ताकदवान होत गेले, चेंडू थेट एंड झोनमध्ये, म्हणजे गोललाइनमागच्या पट्ट्यात, पडू लागला आणि तो झेलून उलट दिशेने घ्यायची परतीची धाव आटली. म्हणून ती रेषा 1974मध्ये 35वर आणि 1994मध्ये 30वर आणली गेली. 1994मध्येच चेंडू ठेवायच्या ‘टी’ नावाच्या आधाराची उंचीही 3 इंचांवरून 1 इंचावर आली. तेव्हाचा हेतू साधा होता: चेंडू कमी लांब जावा आणि तो घेऊन धावणाऱ्याला संधी मिळावी.

संधी मिळाली, पण तिच्यासोबत धडकाही आल्या. किक मारणाऱ्या संघाचे दहा खेळाडू लांबून वेग घेत येत. समोर तीन-चार धिप्पाड खेळाडू खांद्याला खांदा लावून ‘वेज’ नावाची भिंत उभी करत. ती फोडण्याचं काम एकाच्या वाट्याला येई आणि तो पूर्ण वेगात त्या भिंतीवर आदळे. मेंदूच्या दुखापतींची चर्चा वाढल्यावर 2009मध्ये दोनपेक्षा जास्त खेळाडूंच्या वेजवर बंदी आली, 2018मध्ये वेज पूर्णच गेला. किक मारण्याआधी धावत येण्यावर 2011मध्ये 5 यार्डांची मर्यादा आली आणि 2018मध्ये ही सवलतही संपली.

2011मध्ये किकऑफची रेषा पुन्हा 35वर आली. त्या एका बदलाने टचबॅकचं (चेंडू एंड झोनमध्ये जाऊन, धाव न होता, खेळ ठरलेल्या रेषेवरून सुरू होण्याचं) प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवरून 44 टक्क्यांच्या आसपास गेलं. धावच कमी झाली की दुखापतही कमी, असं ते गणित होतं. पण ते पुढे इतकं ताणलं गेलं की फेब्रुवारी 2024च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सर्व 13 किकऑफ टचबॅक ठरले. खेळाचा एक अख्खा भाग तेव्हा नावापुरता उरला होता.

त्यावरचा तोडगा एक्सएफएल या दुसऱ्या लीगकडून आला आणि मार्च 2024मध्ये 29 विरुद्ध 3 मतांनी, आधी एका वर्षासाठी, मंजूर झाला. किकर 35वरच राहतो. त्याचे दहा साथीदार मात्र प्रतिस्पर्ध्याच्या 40 यार्ड रेषेवर उभे राहतात. समोरचे अडवणारे 30 ते 35 यार्डांच्या पट्ट्यात असतात. चेंडू जमिनीला किंवा तो घेणाऱ्या खेळाडूला लागेपर्यंत या दोन्ही फळ्यांनी हलायचं नाही. अंतर पाच यार्डांचं, त्यामुळे धडकेत वेगच उरत नाही. चेंडू गोललाइन ते 20 यार्ड या पट्ट्यात पडायला हवा. त्याच्या अलीकडेच पडला, तर समोरच्या संघाला थेट 40वरून चाल मिळते.

रचना उत्तम होती. चूक एका आकड्यात होती. चेंडू थेट एंड झोनमध्ये मारला, तर समोरच्याला 30 यार्ड रेषेवरून चाल मिळे. धाव होऊ दिली तरी चेंडू साधारण तिथपर्यंत पोचतच असे, मग धोका कशाला पत्करायचा, असा हिशेब प्रशिक्षकांनी केला. परतीच्या धावा 2023मधल्या सुमारे 22 टक्क्यांवरून जेमतेम 33पर्यंत चढल्या. 2025मध्ये नियम कायम करताना तो आकडा 35 केला, आणि बहुतेक किकऑफवर धाव होऊ लागली. टचबॅकची किंमत पाच यार्डांनी वाढताच वर्षानुवर्षांचा पेच सुटला. माझ्या मते पहिल्याच वर्षी ही हिंमत दाखवायला हवी होती.

ऑनसाइड किकचा, म्हणजे चेंडू स्वतःलाच परत मिळावा म्हणून मुद्दाम आखूड मारलेल्या किकचा, प्रश्न मात्र शिल्लक आहे. फेब्रुवारी 2010च्या सुपर बोलमध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्सनी दुसऱ्या सत्राची सुरुवातच अचानक ऑनसाइड किकने केली आणि चेंडू पटकावला. नव्या रचनेत हे शक्य नाही. 2025च्या नियमांनुसार फक्त पिछाडीवरचा संघच ती मारू शकत होता, तीही आधी जाहीर करून.