हवेतील कण मोजायचे, तर पैसा कुठे लावायचा?

हवामानबदलाच्या हिशेबात सर्वांत डळमळीत आकडा एरोसोलचा आहे. धूळ, समुद्री मीठ, काजळी, गंधकाच्या वायूपासून बनणारे सल्फेट अशा हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्मकणांना मिळून एरोसोल म्हणतात. आयपीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०२१च्या अहवालानुसार, १७५० ते २०१९ या काळात वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वीच्या दर चौरस मीटरमागे सुमारे २.१६ वॉट जादा ऊर्जा अडकते. एरोसोल एकंदरीत उलट दिशेने काम करतात. त्यांचा अंदाज उणे १.१ वॉट आहे, पण तो उणे ०.४ ते उणे १.७ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणजे या कणांनी आजवर किती तापमानवाढ झाकून ठेवली, हे नेमके सांगता येत नाही. हवा स्वच्छ करण्याचे काम तर थांबवता येणार नाही आणि थांबवूही नये. जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. त्यामुळे झाकलेली उष्णता किती आणि कधी उघडी पडेल, हे प्रत्येक देशाला कळायला हवे.

त्यासाठी राष्ट्रीय संशोधन कार्यक्रम आखायचा, तर पैसा आधी कशाला द्यावा? माझे उत्तर स्पष्ट आहे: वर्षानुवर्षे न थांबणाऱ्या आणि एकमेकांशी पडताळता येणाऱ्या मोजमापांना.

कार्बन डायऑक्साइड हवेत दीर्घकाळ राहतो आणि जगभर मिसळतो. म्हणूनच शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाई बेटांवरील मौना लोआ या एका पर्वतावर घेतलेल्या नोंदींतून साऱ्या जगाची वाढ दिसली. इतकी मोलाची नोंदमालासुद्धा १९६४ मध्ये निधीकपातीमुळे काही महिने खंडित झाली होती. एरोसोलची गोष्ट याहून अवघड आहे. खालच्या वातावरणात ते जेमतेम आठवडाभर टिकतात, मग पावसाबरोबर खाली येतात. त्यामुळे त्यांचे प्रमाण जागेनुसार, ऋतूनुसार, कधी तासातासाला बदलते. इथे एका पर्वतावर भागत नाही, केंद्रांचे जाळेच लागते. तीन वर्षांच्या प्रकल्पातून असे जाळे उभे राहील, पण चालू राहणार नाही.

असे जाळे कसे चालते, हे एरोनेटकडे पाहून कळते. नासाने १९९०च्या दशकात सुरू केलेल्या या व्यवस्थेत अनेक देशांतील संस्था आपापले सन-फोटोमीटर चालवतात. सूर्यप्रकाश कणांमुळे किती मंदावला, हे ते उपकरण मोजते. खरी ताकद मात्र सारख्या पद्धतीने केलेल्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे उपकरणे प्रमाण मापाशी जुळवून घेण्यात, आणि सर्वांना खुल्या असलेल्या आकड्यांमध्ये आहे. कॅलिब्रेशनवर शोधनिबंध क्वचितच निघतात, त्यामुळे अनुदानाच्या अर्जात ते काम मागे पडते. राष्ट्रीय कार्यक्रमाने त्यासाठी आणि ते करणाऱ्या तंत्रज्ञांच्या पगारासाठी स्वतंत्र, कायम तरतूद ठेवली पाहिजे.

दुसरा खर्च पडताळणीचा. विमानातून कणांचा आकार आणि घटक मोजायचे, त्यावरून ते किती प्रकाश अडवतील याचे गणित करायचे, आणि त्याच वेळी जमिनीवरून व उपग्रहातून प्रत्यक्ष किती प्रकाश अडला ते पाहायचे. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर काहीतरी सुटले आहे. १९९६ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ झालेल्या टारफॉक्स मोहिमेत असेच घडले. भर सल्फेटवर होता, पण कार्बनयुक्त कण आणि कणांनी शोषलेले पाणी यांचाही वाटा मोठा निघाला. १९९९च्या इंडोएक्स मोहिमेने हिंदी महासागरावरील धुरकट थरात काजळीचा प्रभाव दाखवला: वातावरण तापत होते आणि त्याच वेळी समुद्रपृष्ठावर पोचणारा प्रकाश घटत होता. वातावरणाच्या माथ्यावरून एकंदर किती ऊर्जा आत-बाहेर जाते, हा एकच आकडा पाहिला असता, तर हे लक्षात आले नसते.

उपग्रह तर लागतातच, पण सगळी भिस्त एकावर नको. एरोसोलसाठी खास ध्रुवणमापक (प्रकाशलहरी कोणत्या दिशेने कंप पावतात ते मोजणारे उपकरण) घेऊन निघालेला ग्लोरी उपग्रह ४ मार्च २०११ रोजी रॉकेटचे आवरण न सुटल्याने कक्षेत पोचलाच नाही. नासाचा पेस उपग्रह दोन ध्रुवणमापक घेऊन गेला, तो थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये.

सर्वांत कठीण भाग ढगांचा. ढगांचे अभ्यासक शॉन टूमी यांनी १९७०च्या दशकात मांडले, की पाणी तेवढेच असून कण वाढले, तर ढगात थेंब जास्त आणि लहान होतात. असा ढग अधिक प्रकाश परतवतो. पण त्या ढगातून पाऊस किती पडेल, तो किती काळ टिकेल, हे ढगागणिक बदलते. वर दिलेल्या आकड्यातली मोठी अनिश्चितता इथूनच येते. ढगांचे आणि एरोसोलचे अभ्यासक वेगवेगळ्या विभागांकडून पैसा घेत राहिले, तर हा प्रश्न दोघांच्याही कक्षेबाहेर राहतो. म्हणून हवामान, अवकाश, आरोग्य आणि ऊर्जा या खात्यांचा निधी एका समितीकडे यावा. हवामानाची संगणकी प्रतिरूपे बनवणारा गट मोहीम आखतानाच सोबत असावा, आणि मोजलेले आकडे ठरलेल्या मुदतीत खुले करण्याची अट प्रत्येक अनुदानपत्रात असावी.