भीमण्णा भांडतोय की काका?

रविवारी दुपारी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये आम्ही सहा जण जमतो. टेबलावर नकाशा, पेन्सिली, चिवड्याचं ताट आणि मूठभर फासे. तासाभरात आवाज चढतो. एकदा शेजारच्या आजी दार ढकलून आत आल्या आणि म्हणाल्या, "खेळताय का भांडताय रे?" मी म्हटलं, "खेळतोय, आजी." त्या दिवशी ते खरं होतं. दोनेक महिन्यांनी त्यांनी जिन्यात पुन्हा तेच विचारलं, मीही तेच उत्तर दिलं, आणि ते साफ खोटं होतं. मजा म्हणजे त्या दुसऱ्या वेळी आवाज कमी होता.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत काढलेला खेळ. सैन्याच्या सोंगट्या मांडून लढाया खेळायचा जो छंद होता, त्यातून तो निघाला. पण त्यात एक मोठी उलथापालथ झाली: खेळाडू एकमेकांसमोर उभे न राहता सगळे एका बाजूला आले. प्रत्येकाचं एक पात्र. त्याची ताकद, चपळाई, सामानसुमान कागदावर लिहिलेलं; तो कागद म्हणजे कॅरॅक्टर शीट. समोरचं अख्खं जग, त्यातले राक्षस, राजे, खानावळवाले, हे सगळं एकटा डीएम, म्हणजे डंजन मास्टर, चालवतो. आमच्यात ती हमाली माझी. आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगायचं, आणि अवघड काम जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगतो.

कॅरममध्ये भांडण झालं तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही. एक जिंकत असतो, दुसरा हरत असतो. इथे कुणी कुणाला हरवतच नाही. त्यामुळे टेबलावर वाजलं की ते नेमकं कुठलं भांडण, हे पटकन कळत नाही. पात्रं भांडतायत की माणसं? दोन्ही भांडणं एकाच तोंडातून बाहेर पडतात, तिथेच सगळी पंचाईत.

आधी पात्रांचं भांडण सांगतो. आमच्यातले काका पन्नाशीचे, अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला. त्यांचं पात्र भीमण्णा: ठेंगू जमातीचा, कुऱ्हाड चालवणारा, देवाला शपथ वाहिलेला. सीएचा अभ्यास करणारी एक मुलगी आहे, तिची चोर चिमणी. एका पडक्या देवळात हिरवा खडा सापडला. भीमण्णाला तो मूर्तीच्या कपाळावर परत बसवायचा होता. चिमणीने रात्री त्याच्या पिशवीतून तो काढला. तिचा हातचलाखीचा फासा, त्याचा नजरेचा. तिची बेरीज १७, त्याची १६. एका आकड्याने खडा गेला.

सकाळी जे जुंपलं ते पाऊण तास. "देवाच्या कपाळावरचं विकायला काढलंस? उद्या मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाशील!" असं भीमण्णा गरजला. त्यावर चिमणी शांतपणे म्हणाली, "तुझा देव कधी उपाशी झोपलाय? मी झोपलेय." बाकीचे चिवडा खायचे थांबले. काका खुर्चीवरून उठून उभे. आजी आल्या त्या याच वेळी. आणि मग काका खाली बसले, स्वतःच्या आवाजात म्हणाले, "काय बोललीस गं पोरी!" आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

इथे मराठी टेबलाला एक खूण फुकटात मिळते. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे तिकडच्यांना ती नाही. ती मुलगी काकांना एरवी "तुम्ही" म्हणते, "काका, तुम्ही चहा घेणार?" असं. त्या पाऊण तासात तिने भीमण्णाला एकदाही तुम्ही म्हटलं नाही. तू, तुझा देव, तुझी कुऱ्हाड. म्हणजे ती काकांशी बोलतच नव्हती. दोघंही पुढे झुकलेले होते, दोघांनाही पुढचं वाक्य ऐकायचं होतं. पात्रांच्या भांडणात माणूस समोरच्याला आणखी बोलू देतो. त्याला त्यातूनच मजा येत असते.

आता दुसरं. जादूगार चालवणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, नाशिकरोडहून येतो. त्याचा ज्वालानाथ. पाचव्या पातळीला पोचला की जादूगाराला आगीचा गोळा मिळतो, आणि तो पहिल्यांदा मिळाला की कुणालाही हात आवरत नाही, हे मान्य. २० फूट त्रिज्येत जे कोणी असेल त्याला सहा बाजूंचे आठ फासे टाकून इजा, सरासरी २८. चपळाईचा फासा साधला तर निम्मी. भीमण्णा शत्रूंच्या घोळक्यात एकटा लढत होता. ज्वालानाथने गोळा तिथेच टाकला. इजा ३१, भीमण्णाचा फासा फसला, त्याची जीवशक्ती शून्यावर आली, तो कोसळला.

काका हळू आवाजात म्हणाले, "भीमण्णा शुद्धीवर आला की या जादूगाराबरोबर चालणार नाही." वाक्य पात्राचं होतं, पात्राच्या नावाने होतं. मी मनात म्हटलं, वा, नाट्य आलं. मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही नेहमी पुढे घुसता." काकांनी आपले फासे डबीत भरले. अजून त्यांचे प्राण वाचवायचे फासे टाकायचे बाकी होते.

आज मागे वळून पाहिलं की सगळं लख्ख दिसतं. "तुम्ही" आलं. "काका" आलं. आणि "नेहमी" आलं. हा शब्द तर हमखास पकडून देतो. भीमण्णा आणि ज्वालानाथ यांची ओळख खेळातल्या हिशोबाने जेमतेम तीन आठवड्यांची. 'नेहमी' म्हणण्याइतका इतिहास त्यांच्यात नव्हताच. तो इतिहास रविवारच्या टेबलावर बसणाऱ्या दोन माणसांचा होता.

आणखी एक पुरावा कागदावर पडलेला होता, तो मी पाहिलाच नाही. या खेळाच्या २०१४ च्या नियमांत अशा विध्वंसक विद्येच्या जादूगाराला दुसऱ्या पातळीपासून एक सोय असते: मंत्र टाकताना आपल्या काही माणसांना वगळता येतं, त्यांना धगसुद्धा लागत नाही. किती जणांना? मंत्राच्या पातळीत (ही जादूगाराच्या पातळीहून वेगळी) एक मिळवायचा. गोळा तिसऱ्या पातळीचा, म्हणजे चार. भीमण्णाला वाचवायला त्या मुलाला एक वाक्य पुरलं असतं, ते तो बोलला नाही.

मी काय केलं? पुढच्या खेळात राजाचा दरबार भरवला. ज्वालानाथवर खटला, साक्षीपुरावे, दोनशे सोन्याच्या नाण्यांचा दंड. मला वाटलं काय झकास मिटवलं. मुलाने दंड भरला आणि त्याच्या पुढच्या रविवारी आलाच नाही. काकांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर "ओके" लिहिलं. फक्त ओके. जिन्यात आजींना मी "खेळतोय" म्हटलं ते याच आठवड्यात.

माझ्या मते डीएम लोकांची सगळ्यात मोठी चूक हीच: माणसांच्या भांडणावर खेळातलं औषध. उशिरा येणाऱ्यावर ड्रॅगन सोडायचा, बडबड्याच्या पात्राला मुका होण्याचा शाप द्यायचा. पात्राला शिक्षा झाली की त्या माणसाला एवढंच कळतं की आता डीएमही आपल्या विरोधात. मूळ दुखणं जागच्या जागी.

ते दुखणं मला मिसळीवर कळलं. एका सकाळी काकांना घेऊन गेलो. पापड मोडत ते म्हणाले, "रात्रपाळी करून, झोप मोडून मी चारला येतो. हा पाचला येणार, द्वारकेच्या चौकात अडकलो म्हणणार. सगळे थांबणार." आगीच्या गोळ्याचं नावही त्यांनी घेतलं नाही. मुलाला फोन केला तर त्याचं वेगळंच. "माझी पाळी आली की काका सांगणार, हा मंत्र टाक, तिकडे उभा राहा. जादूगार माझा आहे का त्यांचा?" मी विचारलं, भीमण्णाला वगळता आलं असतं ना? थोडा वेळ फोनवर काहीच नाही. मग, "आलं असतं."

एवढं कळल्यावर काम सोपं होतं. वेळ साडेचारची केली, द्वारकेचा हिशोब धरून. दुसऱ्याच्या पाळीला त्याने विचारल्याशिवाय कुणी सल्ला द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी पात्रांशी संबंध नसलेल्या, टेबलाशी संबंध असलेल्या.

खूप घोटाळा होतो तो "माझं कॅरॅक्टरच तसं आहे" या वाक्याने. चोर दर वेळी मित्रांचेच खिसे कापतो, आणि कुणी बोललं की हात वर: चोर आहे, चोरी करणारच. नाशिककरांना नाटकाचं वेगळं सांगायला नको. कालिदास कलामंदिरात खलनायक नायकाला देशोधडीला लावतो आणि प्रयोगानंतर विंगेत दोघं एकाच थर्मासमधला चहा घेतात. कारण खलनायकाचं वाक्य लेखकाने लिहिलेलं असतं. इथे लेखकही तूच. चोराने शत्रूच्या तिजोऱ्या फोडायच्या की सोबत्यांचे खिसे, हे चोराने ठरवलेलं नसतं, चहा पीत बसलेल्या तू ठरवलेलं असतं. चिमणीनेही सोबत्याचीच चोरी केली हे खरं. पण तिने एकदा केली, कारण होतं म्हणून केली, आणि काकांच्या चेहऱ्याकडे बघत बघत केली.

दगाबाजी म्हणजे वाईट, असं मात्र नाही. १९८४ मध्ये आलेल्या 'पॅरानोइया' या खेळात एकमेकांच्या चुगल्या करून मित्रांना मरायला पाठवणं हीच करमणूक आहे. प्रत्येकाला एकाच पात्राचे सहा क्लोन मिळतात. एक मेला की दुसरा हजर. तिथे पाठीत सुरा बसला की लोक टाळ्या वाजवतात. बसताना प्रत्येकाला ठाऊक असतं कशाला बसलोय. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारणाऱ्याला रंगाची तक्रार नसते, धप्पा मारायलाच तो आलेला असतो. तोच रंग तिवंधा चौकातून कामाला निघालेल्याच्या पांढऱ्या शर्टावर पडला तर बघा. रंग तोच असतो.

म्हणून मोहीम सुरू करण्याआधी एक बैठक नुसती बोलायची ठेवतात, तिला 'सेशन झीरो' म्हणतात. एकमेकांची चोरी चालेल का, पात्र मेलं तर चालेल का, कुठले विषय नकोत. आम्ही ती पहिल्यांदा टाळली होती. ओळखीतलेच सगळे, त्यात काय बोलायचं, असं म्हणून. ओळखीतल्यांतच ती जास्त लागते. अनोळखी माणूस निदान विचारतो तरी. जॉन स्टॅव्हरोपोलस यांचं 'एक्स-कार्ड' म्हणूनही एक साधन आहे: टेबलावर एक कार्ड, कुणाला एखादा प्रसंग नकोसा झाला की त्याला हात लावायचा, कारण न सांगता तो प्रसंग सोडून द्यायचा. आमच्याकडे कार्डाला हात लावायला सगळे लाजायचे, म्हणून आम्ही कॅरममधली राणी ठेवली. राणी पुढे सरकवायला कुणाला संकोच वाटत नाही, का ते देव जाणे. पण हे साधन नकोशा विषयांसाठी आहे. उशिरा येणाऱ्यावर राणी चालत नाही.

आणि काही वेळा दोन्ही भांडणं एकमेकांत मिसळलेली असतात. पात्राचा राग माणसात उतरतो, माणसाचा पात्रात. एमिली केअर बॉस यांनी याला 'ब्लीड' हे नाव दिलं. मला आपला 'पाझर' शब्द बरा वाटतो, माठासारखा. पाझर वाईट नाही. भीमण्णाच्या देवळाचा प्रसंग काकांना भिडला तो त्यामुळेच. पण अशा वेळी मी रविवारी रात्री काही ठरवत नाही. सोमवारी विचारतो. भीमण्णाचा राग असेल तर काका सोमवारी सांगतात की आता चिमणीला कसा धडा शिकवू, आणि सांगताना हसतात. काकांचा स्वतःचा असेल तर विषय बदलतात.

उलट चूकही मी करून बसलोय, तीही सांगून टाकतो. या सगळ्यानंतर मी इतका धास्तावलो की चिमणी आणि भीमण्णा पुन्हा एकदा तापले तेव्हा मीच मध्ये पडून म्हटलं, "थांबा, सगळे ठीक आहात ना?" दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ऐन प्रवेशात कुणीतरी रंगमंचावर चढून लाइट लावलेत. ती मुलगी म्हणाली, "दादा, आम्ही भांडत होतो ना छान!" प्रसंग तिथेच मेला, परत उभा राहिला नाही.

मुलगा आता पावणेपाचपर्यंत येतो. त्याच्या पाळीला काका तोंडावर हात ठेवून बसतात, आणि ते त्यांना किती जड जातं हे सगळ्यांना दिसतं. मागच्या रविवारी ज्वालानाथने पुन्हा गोळा काढला. टाकण्याआधी त्या मुलाने बोटांवर मोजत चार नावं घेतली. भीमण्णाचं दुसरं होतं.